मशीनचं कपाळ

“दार लावा की गं! फुफाटा काय पाहुणा हाय व्हय, आत घ्यायला?”

जगदेवीमायचा हा आवाज सुटला की शेजारच्या चारा छावणीतल्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारतात, असं त्या गावात म्हणत. पाटोद्याच्या अलीकडं, सडकेला लागून पत्र्याची एक खोली होती. तीच महिला दूध संस्था, आणि जगदेवीमाय तिची चेअरमन. शाळा तिसरीतच सुटलेली. पण सही यायची, घड्याळ कळायचं, आणि समोरचा माणूस तर तोंड उघडायच्या आधीच कळायचा.

त्या साली पावसानं अशी पाठ फिरवली होती की विहिरीच्या तळाला बाभळी उगवल्या होत्या. गावाची जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. दूध तेवढं थोडंथोडं निघत होतं. बाया छावणीतूनच धार काढून कासंड्या घेऊन यायच्या. दूध मापायचं, फॅट बघायची, कॉम्प्युटरवर चढवायचं, पावती द्यायची आणि शीतकरण केंद्राची गाडी यायच्या आत सगळं कॅनमध्ये भरून ठेवायचं. गाडी कुणासाठी थांबत नसे. उन्हात दूधही थांबत नसे.

हा कॉम्प्युटर जगदेवीच्या लेकीनं, महादेवीनं जोडलेला. दुकानात खोक्यात मिळतो तसला नव्हे. महादेवी औरंगाबादेत एका कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामावर होती. संस्थेला कॉम्प्युटर लागणार हे बापानं फोनवर सांगितलं, तशी तिनं एकेक सुटा भाग आणून आपल्या हातानं मशीन उभं केलं, जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि बापाच्या स्वाधीन केलं. बाप म्हणजे गुरुलिंगअप्पा, गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांनी ते एसटीत मांडीवर ठेवून आणलं, लेकरू आणावं तसं.

लेक मात्र आली नाही.

त्याचं कारण असं. मागच्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा महादेवी आली होती. म्हणाली, “माय, जनावरं विका. तुमी दोघं माझ्याकडं चला. नळाला पाणी येतंय, काय कमी न्हाई.”

जगदेवी म्हणाली, “दावण मोडून मी तुझ्या खुराड्यात येऊन बसू? पाणी आटलं म्हणून कुणी माय उचलून न्हेतं व्हय? मी काय घागर हाय?”

“मग बसा इथं ढेकळं मोजत. पाऊस पडला की कळवा, तवा येईन.”

“पावसाला तुझी सोबत लागत न्हाई.”

महादेवीनं पिशवी उचलली आणि गेली. त्यानंतर पाऊसही धड आला नाही आणि लेकही. बापाला फोन यायचा. जगदेवी तेव्हा चुलीपाशी भांडी जरा हळू ठेवायची, म्हणजे ऐकू येईल. पण “दे इकडं” असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि “मायला द्या” असं तिकडून कुणी म्हणालं नाही. एकाच झाडाच्या दोन गाठी. कुऱ्हाडीला दाद देत नव्हत्या.

मशीन आलं त्या दिवशी संस्थेचा सचिव बिभीषण यानं ते टेबलावर मांडलं. हा संस्थेत दूध घालणाऱ्या छबुबाईचा पुतण्या, बीडला कॉलेज करून आलेला. जगदेवी घरून इष्टलिंगाची पूजा उरकून विभूतीचा गोळा घेऊनच आली होती. तिच्या घरची रीत अशी की विभूती लावल्याशिवाय कुणी कामाला हात लावायचा नाही. माणसानं नाही, बैलानं नाही, तिफणीनंसुद्धा नाही.

“बिभीषणा, ह्येचं कपाळ कुठलं?”

बिभीषण हसला. “माय, कॉम्प्युटरला कसलं कपाळ? सगळं पोटच हाय त्येचं.”

“तुझ्यासारखं?” म्हणून तिनं त्याला गप्प केलं आणि डब्याच्या पुढच्या अंगाला जी बारीक काळी जाळी होती, तेच कपाळ ठरवलं. तीन बोटं ओली करून गोळ्यावर घासली आणि जाळीवर आडवी ओढली. वर चिमूटभर कोरडीही दाबली. पांढरे पट्टे काळ्या जाळीवर असे उठून दिसले की तिला एकदम सावळं, रुंद कपाळ आठवलं, तेल चोपडलेल्या केसांखालचं.

महादेवी शाळेत जायची तेव्हा जगदेवी रोज अशीच तिच्या कपाळावर तीन बोटं ओढायची. पोर मान खाली घालून उभी राहायची, दप्तर घ्यायची, आणि बाभळीच्या वळणावर गेली की ओढणीच्या टोकानं कपाळ पुसून टाकायची. पोरी हसायच्या म्हणे तिला. जगदेवी दारातून रोज ते बघायची. एका शब्दानं बोलली नाही कधी. गावाला एवढी टाकून बोलणारी बाई, पण हे एक तिनं गिळलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन बोटं.

पहिल्या संध्याकाळी ती मशीन बघायला गेली. जाळी काळीभोर, पट्टे गायब. “कुणी पुसलं रे?”

“कुणी न्हाई माय. आमी हात लावला न्हाई. आत पंखा हाय ना, त्यो हवा वढतो. गेलं असंल त्येच्यासंगं.”

जगदेवी बराच वेळ मशीनकडं बघत उभी राहिली. पुसलं नव्हतं. आत घेतलं होतं.

त्या दिवसापासून सकाळी तिची बोटं लागल्याशिवाय मशीनचं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती.

सुरुवातीला मशीन असं चालायचं की बाईनं कासंडी खाली ठेवेस्तोवर पावती हातात. आवाज तर माशी गुणगुणावी तेवढाच. जगदेवी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, “जोडलंय कुणी? दुकानदारानं न्हाई जोडलं.” लेकीचं नाव मात्र घ्यायची नाही.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. सकाळी पहिल्या बायांच्या पावत्या झटपट निघायच्या. पण रांग निम्मी झाली की मशीन जड व्हायचं. बटण दाबावं, आणि पडद्यावरचं चक्र गरागरा फिरत राहावं, घाण्याचा बैल फिरावा तसं. पंख्याचा आवाज वाढत वाढत गिरणीसारखा व्हायचा. बंद करून ठेवलं की संध्याकाळी पुन्हा थोडं शहाण्यासारखं वागायचं. उन्हाळा चढत गेला तसं ते जास्तच वाढलं.

बिभीषणनं त्याच्या परीनं इलाज केले. आत साठलेले फोटो काढून टाकले. व्हायरस मारायचा प्रोग्राम घातला. मग सगळं पुसून नव्यानं भरलं. पाटोद्याहून मोबाइलच्या दुकानातला एकजण आला, त्यानं मेमरी बदलली. दरवेळी मशीन पहाटे ताजं आणि रांग वाढली की पुन्हा धापा टाकणारं.

“उघडून बघायचं का माय?” बिभीषणनं एकदा विचारलं.

“खबरदार! जिनं शिवलंय तिनं उसवावं. तुमच्या हातात दिलं तर उद्या चहाच्या टपरीवर इस्टू म्हणून दिसंल.”

आणि तिचा स्वतःचा इलाज होताच. मशीन आजारी म्हणजे दृष्ट लागली असणार. छबुबाईची नजर तशी चांगली नव्हतीच. जगदेवीनं विभूती वाढवली. सकाळी लावायची ती संध्याकाळीही लावायला लागली, तीन बोटांची पाच झाली, आणि सोमवारी जाळीसमोर उदाचा धूर. मशीन सगळं निमूटपणे आत घ्यायचं. तेवढ्या एका गोष्टीत ते कधी हळू झालं नाही.

एका सकाळी मात्र ते रांगेच्या मधोमध गपकन बंदच पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा पडलं. बाहेर ऊन पत्र्यावर तडतडत होतं. शीतकरण केंद्राची गाडी आली, भोंगा वाजवला, होतं तेवढं दूध घेतलं आणि गेली. बाकीच्या कासंड्या तशाच राहिल्या. दुपारपर्यंत छबुबाईचं दूध नासलं.

छबुबाई आपली कासंडी घेऊन टेबलापुढं उभी राहिली. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं.

“माय, तुमच्या लेकीचं मशीन लई गुणाचं. पर माझ्या म्हशीनं कोरडा कडबा चावून दिलेलं दूध हाय ह्ये. ह्येचं काय करू, सांगा.”

दुसऱ्या बाया खाली बघत होत्या. शेवटी ठरलं, की सोमवारी पाटोद्याहून दुकानातलं नवीन मशीन आणायचं आणि हे भंगारात द्यायचं. चेअरमनचा होकार लागत होता. सगळ्यांच्या नजरा जगदेवीवर.

“आणा,” ती म्हणाली. “मी काय त्येच्यासंगं सात फेरे घेतलेत?”

पण घरी येताना तिला पायाखालची सडक दिसत नव्हती. भंगारवाला यायचा तो हातोड्यानं फोडून तांबं वेगळं काढायचा, हे तिला माहीत होतं. रोज सकाळी जिथं तीन बोटं टेकवायची, ती एवढी एकच जागा तिच्याकडं उरली होती. तीही जाणार. मग सकाळी या हातानं करायचं काय?

गुरुलिंगअप्पा लिंबाखाली दावं वळत बसले होते. जगदेवी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“अवो, तुमच्या त्या फोनला रेंज हाय का?”

अप्पांनी मान वर केली. “कुणाला लावायचाय?”

“कुणाला म्हंजे? मशीनवालीला.”

अप्पांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. दावं घेऊन ते लिंबाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसले.

“बोला अप्पा.”

“अप्पा न्हाईत. मी हाय.”

पलीकडं नुसता शहराचा आवाज.

“तुझं मशीन बिघडलंय,” जगदेवी म्हणाली.

“माझं कशाचं? संस्थेचं.”

“जोडलं तू.”

“काय होतंय त्याला?”

“आदी पळतंय, मग दम लागतो. मग बसतंय. आज तर पडलंच.”

“गरम होत असेल. पंखा फिरतो का? बिभीषणभाऊला सांग, डावीकडचा पत्रा काढून—”

“मी कुणाला हात लावू देत न्हाई.”

“कावून?”

किती दिवसांनी ऐकलं तिनं ते गावाकडचं ‘कावून’. शहरात राहूनही शाबूत होतं. जगदेवीनं पदर तोंडापाशी नेला आणि मग आवाज मुद्दाम कडक केला.

“जिनं शिवलं तिनं उसवावं म्हणून. सोमवारी भंगारवाल्याला देणार हायेत. मी सांगायचं काम केलं. पुढं तुझी मर्जी.”

तिकडून विचारणा झाली, “पाऊस हाय का?”

“न्हाई.”

“बघते,” म्हणाली महादेवी आणि फोन ठेवला.

‘बघते’ म्हणजे काय, यावर जगदेवीनं पुढचे दिवस काढले. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. रविवारी सकाळी तिनं अप्पांना सांगितलं, “मांजरसुंब्याला जाऊन पेंड आणा.”

“पेंड पाटोद्यालाच मिळती की.”

“तिथली बरी असती. औरंगाबादच्या गाड्या जिथं थांबत्यात ना, त्येच्याच बाजूच्या दुकानातली.”

अप्पा मिशीत हसले आणि निघाले.

टँकरच्या पाण्याची एक घागर तिनं आदल्या दिवसापासून बाजूला झाकून ठेवली होती. त्यातलं पाणी तिनं स्वतःला प्यायलाही घेतलं नाही. ज्वारीच्या पिठात तीळ, ओवा, मिरची घालून धपाटे थापले. शेजारीण डोकावली, “कुणी येणार व्हय माय?”

“कुणी येणार असंल तरच खावं असा कायदा हाय का?”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा काळीपिवळी जीप सडकेला थांबली. आधी अप्पा उतरले, हातात पेंड नव्हती. मागून महादेवी. केस मानेपर्यंत कापलेले, पाठीला पिशवी, कपाळ मोकळं. वाळली होती. जगदेवी दारात उभी होती. मनात आलं, धावावं. पाय मात्र उंबऱ्यातच रुतले.

“केसाला काय उंदीर लागलेते?”

“पाणी कमी लागतं धुवायला,” महादेवी म्हणाली. “मशीन कुठं हाय?”

अंगणात यायच्या आधी मशीन. जगदेवीनं किल्ली पुढं केली. घागर तशीच झाकलेली राहिली.

खोलीत बिभीषण होता, भांडण बघायला मिळेल म्हणून छबुबाईही आली होती. महादेवीनं मशीन चालू केलं, थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकला, डब्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. बंद करून वायरी उपटल्या. पिशवीतून पेचकस काढला आणि डावीकडचा पत्रा सरकवला.

आत पांढरं होतं.

नुसतं पांढरं. पंख्याच्या पात्यांवर जाड थर, त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या फटी लिंपल्यासारख्या बुजलेल्या. पत्रा हलला तशी एक ढलपी सुटून तळाला पडली.

“ह्ये काय हाय बिभीषणभाऊ? सिमेंटची गोणी ठेवली होती का इथं? चुना?”

बिभीषण छताच्या पत्र्याकडं बघायला लागला. छबुबाईनं तोंडाला पदर लावला.

महादेवीनं बोट फिरवलं, चिमटीत धरून चोळलं, सहज नाकापाशी नेलं. आणि तिचा हात तिथंच थांबला. उदाचा वास होता त्याला. गाईच्या शेणाची गोवरी जाळून अप्पा घरीच गोळे करायचे, तो वास. तो दुसऱ्या कुठल्या विभूतीला नव्हता.

“कोण लावतं?” तिनं हळू विचारलं.

बिभीषण म्हणाला, “रोज सकाळी, ताई. आन् आता संध्याकाळी बी. त्येच्या आदी बटणाला हात लावू देत न्हाईत.”

सगळे जगदेवीकडं वळले. तिला कधी नव्हे ती पळवाट दिसेना. तेव्हा तिनं ठेवणीतला आवाज काढला.

“लावलं तर लावलं! तुझ्या हातचं मशीन, उघड्या कपाळानं कामाला बसू देऊ व्हय?” आणि मग तो आवाज मधेच कुठंतरी फाटला. “त्येनं तरी कधी पुसलं न्हाई.”

महादेवी खालीच बघत राहिली. बाभळीचं वळण त्या खोलीतून दिसत नव्हतं, पण दोघींना दिसत होतं. महादेवीला आजवर वाटत होतं, मायला ते माहीतच नाही.

“छबुकाकू,” ती म्हणाली, “एक कागद द्या. भस्म हाय. पायदळी नको जायला.”

मग ती मांडी घालून बसली आणि बारीक ब्रशनं एकेक फट मोकळी करत गेली. जगदेवी समोर कागद धरून बसली. पांढरी राख त्यावर जमत गेली, महिन्यामहिन्यांची. सगळ्या सकाळी त्यात होत्या. पंखा निघाला, धातूच्या पट्ट्या निघाल्या, खाली एक लहानसा चौकोनी तुकडा दिसला. महादेवीनं तो कापसानं पुसला आणि पिशवीतली एक नळी दाबून त्यावर राखाडी लेप लावला.

“ह्ये काय लावतीस?”

“मेंदू हाय हा त्याचा. तापू नये म्हणून ह्ये लावत्यात. ह्येचं भस्म ह्येच, माय. पर ते आतनं लावायचं असतं.”

“आन् वरनं?”

“जाळीला न्हाई. तिथनं ते श्वास घेतं. तू त्येचं नाकच लिंपलंस.”

जगदेवी खजील झाली, पण बिभीषण हसायच्या बेतात आहे हे दिसताच म्हणाली, “मग नाक कपाळावर कावून ठेवलंस? जोडणारीचीच चूक.”

पहिल्यांदा महादेवी हसली. डब्याच्या सपाट माथ्यावर तिनं टिचकी मारली. “ह्ये घे कपाळ. इथं लाव, लागंल तेवढं.”

मशीन सुरू झालं. माशी गुणगुणावी तसा आवाज. छबुबाई चौकटीला टेकून बराच वेळ थांबली. आवाज वाढला नाही तशी म्हणाली, “राहू दे मग सोमवारचं. दुकानातल्याचं नाक तरी कोण दाखवणार हाय?”

उठताना महादेवीनं पेचकस पिशवीत टाकला. “बिभीषणभाऊला शिकवून जाते. भस्म न्हाई लावलं तरी हितं धूळ लई हाय. दर चार-सहा महिन्यांनी उघडून साफ करावं लागंल.”

“त्येला हात लावू देत न्हाई मी,” जगदेवी म्हणाली.

महादेवीनं मायकडं पाहिलं. घरी जाऊन झाकलेल्या घागरीतलं पाणी प्याली, धपाटे खाल्ले, आणि रिकाम्या दावणीला बसून राहिली, अंधार पडेपर्यंत. “जनावरं विका” म्हणाली नाही.

सकाळी तिची गाडी होती. रांग लागायच्या आत जगदेवी विभूतीचा गोळा घेऊन खोलीत आली. तीन बोटं ओली केली, गोळ्यावर घासली आणि मशीनकडं वळली, तर मध्ये महादेवी उभी. पाठीला पिशवी. मान खाली घातलेली, शाळेत जाताना घालायची तशी.

जगदेवीनं तीच तीन बोटं तिच्या कपाळावर ओढली. पट्टे जरा वाकडे उठले.

“जाते,” महादेवी म्हणाली. येते म्हणावं, हे तिला अजून जमत नव्हतं.

“पाऊस पडायची वाट बघू नको,” जगदेवी म्हणाली. याच्यापेक्षा जास्त तिलाही जमत नव्हतं.

जीप निघाली. जगदेवी दारात उभी राहून बाभळीच्या वळणाकडं बघत होती, वर्षानुवर्षं बघायची तशी. पण जीपच्या मागं एवढा धुरळा उठला, की काचेतून हात कपाळाकडं गेला की नाही, ते काही दिसलं नाही.

ती आत आली. उरलेली विभूती तिनं डब्याच्या माथ्यावर नीट ओढली, जाळीला धक्का न लावता. बायांच्या पावत्या पटापट निघत होत्या. मशीनला काही झालेलं नव्हतं. आता काही होणारही नव्हतं, आणि कुणाला फोन करायचंही कारण नव्हतं. चांगलंच झालं की, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं.

इतक्यात सडकेवरचा फुफाटा वाऱ्यासरशी दारातून आत शिरला आणि टेबलावर, मशीनवर, जाळीवर पसरायला लागला. ओरडा व्हायच्या आत दार लावावं म्हणून बिभीषण गडबडीनं उठला.

“राहू दे,” जगदेवी म्हणाली. “येऊ दे त्येला आत.”